चावी भरली तरी घड्याळ पुन्हा पुन्हा बंद पडतंय? चावीवाल्या आणि ऑटोमॅटिक घड्याळांची तपासणी

यांत्रिक घड्याळ थांबलं की बहुतेक जण दोनपैकी एक करतात: घड्याळ खुळखुळ्यासारखं हलवतात, नाहीतर चावी पिळत सुटतात. दोन्हीने घड्याळ बरेचदा सुरू होतं आणि तिथेच फसगत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा थांबलेलंच सापडतं.

वारंवार बंद पडणाऱ्या घड्याळाबाबत आधी एकच गोष्ट ठरवायची. स्प्रिंगमधला जोर संपला म्हणून ते थांबलं, की जोर शिल्लक असूनही थांबलं? जोर संपला असेल तर चूक बहुतेक वेळा चावी देण्याच्या किंवा घड्याळ घालण्याच्या पद्धतीत असते आणि ती घरच्या घरी सुधारते. जोर असूनही थांबलं असेल तर आत घाण, सुकलेलं तेल किंवा मोडलेला भाग आहे. तिथे आणखी चावी देऊन काहीही साधत नाही. खालच्या सगळ्या तपासण्या हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठीच आहेत.

आधी चावी पूर्ण आत आहे का ते बघा

हसू येईल, पण 'बंद पडलेल्या' घड्याळांपैकी बरीचशी नुसती चावी बाहेर राहिल्यामुळे थांबलेली असतात. बऱ्याच यंत्रांत चावी शेवटच्या खाचेपर्यंत ओढली की आतली एक पातळ पट्टी बॅलन्स व्हीलला (मागे-पुढे डोलून घड्याळाची लय राखणाऱ्या चाकाला) टेकून ते थांबवते, म्हणजे वेळ सेकंदापर्यंत लावता यावी. तारखेच्या घड्याळात चावीच्या तीन जागा असतात: पूर्ण आत, मधली तारखेची आणि बाहेरची वेळेची. मनगट वाकवताना हाताची मागची बाजू चावीला लागते आणि ती अर्धवट बाहेर येते. नखाने केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) आणि चावी यांच्यामधली फट चाचपा, सरळ दाबा, 'टक्' असा बारीक आवाज आला पाहिजे.

आट्यांची चावी असेल तर ती पूर्ण उलटी फिरवून मोकळी झाल्याशिवाय चावी भरलीच जात नाही. आटे न सोडता चावी फिरवून 'भरत नाही' म्हणणारेही असतात. परत बसवताना चावी आत दाबून धरायची आणि आधी थोडी उलटी फिरवायची. आट्याचं टोक खाचेत पडल्याचं बोटाला जाणवतं. मग सरळ फिरवून आवळायची. जोर लावावा लागला तर आटे तिरके बसलेत. तिथेच थांबा, सोडा आणि पुन्हा बसवा. तिरके आटे आवळले की केसच्या नळीचे आटे जातात, आणि नळी बदलणं हे चावी बदलण्यापेक्षा बरंच किचकट काम आहे.

फेरे मोजताना होणारी चूक

हाताने चावी द्यायच्या घड्याळाला पूर्ण भरायला साधारण २५ ते ४० फेरे लागतात. यंत्र कोणतं यावर हा आकडा बदलतो. पण 'फेरा' म्हणजे चावीचा पूर्ण ३६० अंशांचा फेरा. अंगठा आणि तर्जनीच्या एका ओढीत चावी जेमतेम अर्धी फिरते. त्यामुळे 'तीस वेळा फिरवली' म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात पंधराच फेरे दिलेले असतात, आणि ४० तास चालायला हवं ते घड्याळ वीस तासांत थांबतं. चावीवर कंपनीचं चिन्ह असेल तर त्याच्याकडे बघून एकदा खरे फेरे मोजा. ३० फेऱ्यांत ४० तास चालणाऱ्या घड्याळाला एक फेरा म्हणजे सव्वा तासाच्या थोडं वर. पाच फेरे दिले की साडेसहा तास, त्याहून जास्त नाही.

चावी देताना घड्याळ हातातून काढायचं. मनगटावर असताना चावीला बोटं तिरकी लागतात, आतली बारीक दांडी वाकते आणि केसच्या नळीतलं रबर एका बाजूने झिजतं. डायल आपल्याकडे आणि चावी उजव्या हाताला धरली, तर चावीची समोर दिसणारी बाजू १२ च्या दिशेने जायला हवी. बोटं मागे नेताना चावी उलटी फिरली तर बिघडत नाही. त्या दिशेने आतलं दातेरी चाक नुसतं घसरतं आणि त्याची करकर ऐकू येते.

साध्या चावीवाल्या घड्याळात शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत चावी जड होत जाते आणि मग एका ठिकाणी स्पष्ट अडते. तिथे थांबायचं. त्याच्या दोन-तीन फेरे आधी थांबायची सवय काही जण सांगतात, तिची गरज नाही. पण अडल्यावर 'अजून थोडं जातंय का' म्हणून पिळायचं मात्र नाही, कारण तिथे स्प्रिंगचं बाहेरचं टोक बॅरलच्या (स्प्रिंग ज्या डबीत असते तिच्या) भिंतीत अडकवलेलं असतं आणि पिळण्याचा सगळा ताण त्या टोकावर आणि खटक्यावर (स्प्रिंग उलटी सुटू न देणाऱ्या भागावर) येतो.

रोज एकाच वेळी चावी द्यावी. सकाळी दिली तर बरं: स्प्रिंगचा जोर जास्त असताना घड्याळ हाताचे हिसके चांगले सोसतं, आणि जोर कमी होण्याचा काळ ते टेबलावर शांत पडलेलं असताना येतो.

'जास्त चावी दिली म्हणून अडकलं' ही समजूत

हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पूर्ण भरलेलं आणि तरी बंद असलेलं घड्याळ जास्त भरल्यामुळे बंद नसतं. स्प्रिंग पूर्ण भरलेली असणं ही तिची रोजची अवस्था आहे. होतं असं, की घड्याळ सुकलेल्या तेलामुळे थांबतं, मालकाला वाटतं चावी संपली, तो भरतो, चावी अडते, घड्याळ तरी चालत नाही. मग दोष भरण्याला लागतो.

ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप भरणाऱ्या घड्याळात तर जास्त भरण्याची भीती आणखीच बिनबुडाची. तिथे स्प्रिंगचं बाहेरचं टोक भिंतीत अडकवलेलं नसतं, एका वेगळ्या पट्टीच्या दाबाने भिंतीला टेकून असतं. स्प्रिंग भरली की ती पट्टी घसरते. म्हणूनच हाताने चावी देता येणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये चावी कधीच अडत नाही. फेरे मोजून थांबायचं. सेकोच्या एनएच३५ या यंत्राला पूर्ण भरायला किमान ५५ फेरे लागतात आणि ते ४१ तास चालतं, म्हणजे फेऱ्याला पाऊण तास. ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ यंत्राचा राखीव काळ (पूर्ण भरल्यावर न घालता चालण्याचा काळ) ३८ तास, तर पॉवरमॅटिक ८० या यंत्राच्या नावातच ८० तास आहेत. आपल्या घड्याळात कोणतं यंत्र आहे ते आधी माहीत करून घ्या. ३८ तासांचं घड्याळ शुक्रवारी संध्याकाळी सातला पूर्ण भरलेलं काढून ठेवलं, तर रविवारी सकाळी नऊला ते थांबणारच. सोमवारी सकाळी ते बंद सापडणं हा बिघाड नाही.

ऑटोमॅटिक रोज घालूनही रात्री थांबतं

ही तक्रार सर्वांत जास्त येते, म्हणून जरा सविस्तर.

थांबलेलं ऑटोमॅटिक दहा-वीस हेलकावे देऊन सुरू केलं की ते चालू लागतं, पण भरलेलं नसतं. घड्याळ फिरवत ठेवायच्या यंत्रांत दिवसाला ६५० ते ८०० फेऱ्यांची सोय असते. यावरून वीस हेलकाव्यांची किंमत कळते. त्यानंतर दिवसभर खुर्चीत बसून टंकलेखन झालं, तर रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरून स्प्रिंग भरणारं आतलं वजन) फारसा फिरतच नाही. बोटं हलतात, मनगट नाही. घड्याळ जेवढं खर्च करतं तेवढंच कसंबसं मिळवतं, रात्री दहाला काढलं की पाच-सहा तासांची शिल्लक, आणि पहाटे चारच्या सुमारास बंद.

उपाय सोपा: थांबलेलं ऑटोमॅटिक घालण्याआधी हाताने चावी देऊन पूर्ण भरा. मग रोजच्या घालण्याने फक्त खर्च भरून काढायचा उरतो. सेकोच्या ७एस२६ सारख्या यंत्रांना हाताने चावी देताच येत नाही. तिथे चावी कितीही फिरवली तरी व्यर्थ. घड्याळ डायल वर ठेवून आडवं धरा आणि कोपरापासून हात डावीकडून उजवीकडे, कमानीत, संथ लयीत हलवा. रोटरची घरघर ऐकू आली की बरोबर चाललंय. झटके देऊ नका; रोटर जड आहे, तो स्वतःच्या वजनाने फिरायला वेळ मागतो. सेकंद काटा चालू लागल्यावरही दोन-तीन मिनिटं हलवत राहा आणि मग दिवसभर घाला.

उलट सल्लाही तितकाच महत्त्वाचा: हाताने चावी देता येते म्हणून ऑटोमॅटिकला रोज चावी देऊ नये. काही यंत्रांत चावी देणारी चाकं बारीक असतात, त्यांचे दात अधूनमधून सुरू करण्यापुरते आहेत. थांबलं की द्या, चालू असताना नको.

आता, पूर्ण भरून दिवसभर घातलं तरी रात्री थांबतं, असं असेल तर पुढची चाचणी करा. सगळ्या चाचण्यांत ही एक मात्र चुकवू नका.

राखीव काळाची चाचणी

फेरे मोजून घड्याळ पूर्ण भरा. डायल वर करून टेबलावर ठेवा, वेळ कागदावर लिहा. हात लावू नका. थांबल्यावर काट्यांची वेळ बघून एकूण तास काढा.

यंत्राच्या ठरलेल्या काळाच्या आसपास, म्हणजे ३८ ऐवजी ३५-३६ तास जरी चाललं, तरी स्प्रिंग, चाकं आणि बॅलन्स ठीक आहेत. मग ऑटोमॅटिक घातलेलं असताना थांबण्याचं कारण बहुतेकदा एकच उरतं: रोटरची हालचाल स्प्रिंगपर्यंत पोचत नाही. ज्या यंत्रांत रोटर दोन्ही दिशांना फिरून स्प्रिंग भरतो, त्यांत दिशा बदलणारी चाकं असतात. त्यांत तेल घट्ट झालं की ती नुसती घसरतात किंवा अडकतात. याची एक खूण दिसते: हाताने चावी देताना रोटरही सोबत गरागरा फिरू लागतो. पारदर्शक पाठीच्या घड्याळात हे डोळ्यांनी दिसतं, नाहीतर हाताला थरथर जाणवते. असं झालं की चावी देणं लगेच बंद करा, दात जातील. सेकोने १९५९ मध्ये आणलेल्या मॅजिक लिव्हर या भरण्याच्या रचनेत अशी चाकं नसतात, दोन नख्यांचा आकडा आळीपाळीने ढकलतो आणि ओढतो. तिथे नख्यांची टोकं किंवा त्या चाकाचे दात झिजले का ते बघतात.

मियोटा ८२१५ किंवा ईटीए ७७५० या यंत्रांमध्ये रोटर एकाच दिशेला भरतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा सुसाट फिरतो. ७७५० मध्ये तर मनगटावर घड्याळ डुचमळल्यासारखं वाटतं. हा दोष नव्हे.

ठरलेल्या काळाच्या निम्म्यातच घड्याळ थांबलं, तर दोन शक्यता. स्प्रिंग जुनी होऊन मऊ पडली आहे किंवा बॅरलमध्ये वेळेआधी घसरते, म्हणजे ती भरतच नाही. नाहीतर ती भरते, पण चाकांमधली घासण तिचा जोर खाते. फरक कळायला थांबलेल्या घड्याळाला पाच-सहा फेरे द्या. चाकांत घासण असेल तर एवढ्याने ते उठत नाही, किंवा उठून लगेच बसतं. स्प्रिंगच घसरत असेल तर पाच फेऱ्यांनी ते छान चालतं, पण चाळीस फेरे देऊनही काळ फारसा वाढत नाही.

किती वाजता थांबलं, हे लिहून ठेवा

थांबलेल्या घड्याळाचे काटे म्हणजे साक्षीदार, आणि माणसं ते पहिल्या मिनिटात फिरवून टाकतात. निदान तीन वेळा थांबण्याची वेळ लिहा, मगच काटे हलवा.

तिन्ही वेळा काटे रात्री दहा ते एकच्या दरम्यान असतील, तर संशय तारखेवर. तारखेचं चक्र पुढे ढकलणारी नखी त्याच्या दातांना साधारण रात्री नऊपासून टेकू लागते, मध्यरात्री तारीख पडते आणि पुढे दोन-तीन वाजेपर्यंत ती पूर्ण सुटलेली नसते. या काळात यंत्रावर जादा भार असतो. घड्याळ पूर्ण भरून मध्यरात्र ओलांडू द्या. भरलेलं असताना ओलांडतं आणि रिकामं होत आलं की अडतं, तर एकूण जोरच कमी आहे. तारखेचं काही बिघडलेलं नाही. भरलेलं असतानाही तिथेच अडतं, तर नखी वाकलेली आहे किंवा दात दुखावलाय. बहुतेक वेळा त्याचं कारण रात्री अकराला मधल्या खाचेत चावी फिरवून तारीख बदलणं हेच निघतं.

थांबण्याच्या वेळा १:०५, २:११, ३:१६, ४:२२ अशा निघाल्या तर तास काटा आणि मिनिट काटा एकमेकांना घासताहेत. दोन्ही काटे साधारण ६५ मिनिटांनी एकमेकांवर येतात, त्याच या वेळा. पडल्यानंतर किंवा काच बदलल्यानंतर हे हमखास होतं. घड्याळ डोळ्याच्या रेषेत आडवं धरून भिंगातून बघा: तिन्ही काट्यांमध्ये उजेडाची बारीक रेघ दिसायला हवी. तास आणि मिनिट वेगवेगळे, पण सेकंद काटा नेहमी एकाच जागी, उदाहरणार्थ ३८ वर, थांबत असेल तर सेकंदाच्या चाकाच्या त्या दातात कचरा किंवा घाव आहे.

सेकंद काटा धावतोय, पण तास-मिनिट जागचे हलत नाहीत किंवा मागे मागे पडत जातात, ही वेगळीच गोष्ट. यंत्र ठणठणीत आहे. मिनिट काट्याची नळी आपल्या दांड्यावर सैल झाली आहे. वेळ लावताना चावी लोण्यातून फिरवल्यासारखी हलकी वाटते, ती याचीच खूण.

बोटांना चावी काय सांगते

चावी फिरते, करकर येते, पण साध्या चावीवाल्या घड्याळात कितीही फेरे दिले तरी जड होत नाही आणि घड्याळ चालत नाही: स्प्रिंग तुटली. कधी तुटताना 'टंग' असा आवाज आलेला असतो. स्प्रिंग बदलून मिळते, घाबरू नका.

चावी भरताना ठीक, पण सोडली की बोटांतच सरसर उलटी फिरते: खटका किंवा त्याची बारीक स्प्रिंग गेली. सोडू नका, बोटांनी धरून हळूहळू उलटी जाऊ द्या. एकदम सोडली तर सगळा जोर एका झटक्यात उलटतो आणि दात उडतात.

चावी हातातच निघून आली: दांडी तुटली किंवा तिला धरणारी पट्टी सैल झाली. परत खुपसून बघायचा मोह आवरा. केसमधून धूळ आत जाते. छिद्रावर साध्या कागदाची पट्टी लावा आणि दुरुस्तीला द्या.

चावी वाळूतून फिरवल्यासारखी खरखरते: गंज, म्हणजे कधीतरी पाणी गेलंय.

जोर आहे, तरी सुरू होत नाही

निरोगी घड्याळ आपण होऊन सुरू होतं. पाच ते दहा फेऱ्यांत बॅलन्स व्हील स्वतःच हलू लागलं पाहिजे. पूर्ण भरूनही हलवल्याशिवाय सुरू होत नसेल, तर ते आजारी आहे, भले नंतर दिवसभर चालो.

हलवून बघायची पद्धतही नीट हवी. बॅलन्स व्हील डायलला समांतर फिरतं. त्यामुळे घड्याळ वर-खाली झटकण्याने ते फिरत नाही, उलट त्याच्या केसाएवढ्या टोकांवर मार बसतो. तळहातावर आपटणं तर अगदी वाईट. डायल वर ठेवून घड्याळ दोन बोटांत धरा आणि मनगटाने पाव फेरा चटकन फिरवा, जसं बरणीचं झाकण किंचित उघडतो तसं. केस फिरते, बॅलन्स जडत्वाने मागे राहतं आणि सुटतं.

पारदर्शक पाठ असेल तर आता बघा. बॅलन्स मोठ्या झोक्याने डोलू लागलं आणि डोलतच राहिलं, तर काम झालं. दहा-वीस सेकंद डोलून झोका लहान लहान होत थांबलं, तर जोर पोचत नाही किंवा तेल सुकलंय. एकदाही डोललं नाही, जागेवर थरथरून राहिलं, तर टोक मोडलंय, सेकंद थांबवणारी पट्टी अडकलीय किंवा हेअर स्प्रिंगचे (बॅलन्सला मागे-पुढे डोलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांत गुंतलेत. पाठ बंद असेल तर कानाने ओळखा: रिकाम्या काचेच्या वाडग्यात घड्याळ ठेवलं की टिकटिक मोठी ऐकू येते. आवाज समान अंतराने यायला हवा. टिक-टिक······टिक-टिक असा लंगडत आला तर बॅलन्स मध्यबिंदूवर नाही, आणि असं घड्याळ आपण होऊन सुरू व्हायला कुरकुरतं.

फोनवर घड्याळाचा आवाज ऐकून मोजणारी ॲप्स मिळतात. पूर्ण भरलेल्या, डायल वर ठेवलेल्या घड्याळात बॅलन्सचा झोका, म्हणजे ते मधल्या जागेपासून एका बाजूला जेवढं फिरतं ते, साधारण २७० ते ३१० अंश असावा. उभं धरलं की काही अंश कमी होतो, ते चालायचंच. भरल्यावर लगेच मोजूनही आकडा २०० च्या आसपास असेल, तर घड्याळाला साफसफाई आणि नवं तेल हवंय. ॲपचा आकडा शब्दशः घेऊ नका, आसपासचा आवाज त्याला फसवतो. शांत खोलीत, दारं बंद करून, तीनदा मोजा.

डायल वर असताना चालतं आणि चावी खाली करून उभं ठेवलं की थांबतं, असं असेल तर प्रत्येक बाजूवर अर्धा अर्धा तास ठेवून कोणत्या बाजूवर बंद पडतं ते लिहा. दुरुस्त करणाऱ्याला या एका ओळीतून बॅलन्सचं कोणतं टोक तपासायचं ते कळतं.

चुंबक

घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं आणि मग मध्येच थांबू लागलं, तर चुंबकाचा विचार करा. फोनच्या पाकिटाची चुंबकी कडी, टॅब्लेटचं आवरण, स्पीकर, पर्सचं बटण ही नेहमीची कारणं. हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स घाईने डोलतं. होकायंत्र घड्याळाशेजारी ठेवून घड्याळ हळूहळू फिरवा. सुई त्याच्या मागे मागे फिरली तर चुंबकत्व आहे. ते काढायचं यंत्र साधं असतं: घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबून ठेवायचं, हातभर लांब नेईपर्यंत सोडायचं नाही. जवळ असतानाच बटण सोडलं तर चुंबकत्व वाढूही शकतं. सिलिकॉनच्या हेअर स्प्रिंगला हा त्रास होत नाही. पुढे जाणं घड्याळ पडल्यानंतर सुरू झालं असेल, तर चुंबकाऐवजी वेढा गुंतला असण्याची शक्यता जास्त.

बरीच वर्षं पडून असलेलं घड्याळ

कपाटात दहा-पंधरा वर्षं पडलेलं घड्याळ सापडलं की पूर्ण चावी देऊन बघू नका. चार-पाच फेरे द्या, पाव फेऱ्याची ती हिसकी द्या, एक-दोन मिनिटं चालतं का बघा. चाललं तर आनंद माना आणि तसंच थांबू द्या. चालतंय म्हणून रोज घातलं, तर सुकलेलं तेल आणि धूळ मिळून घासकागदासारखं काम करतात आणि चाकांची टोकं खातात. साफ करून, तेल घालून मग वापरलं तर तेच घड्याळ बरीच वर्षं जातं.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं जुनं घड्याळ, साधारण १९६० च्या दशकापर्यंतचं, घरी उघडू नये. त्या काळच्या चमकत्या रंगात रेडियम असायचं. रंगाची चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, आणि उघडताना त्याची भुकटी उडून श्वासात जाते.

पाठ उघडून फवाऱ्याचं तेल मारणं हा घरगुती उपाय सर्वांत महागात पडतो. घड्याळात तेल सुईच्या टोकाएवढं, ठरावीक बिंदूंवर लागतं. काही भाग मुद्दाम कोरडे ठेवलेले असतात. फवारलेलं तेल हेअर स्प्रिंगवर गेलं की वेढे चिकटतात.

काचेच्या आतून वाफ दिसली तर चावी देऊच नका, चालू ठेवूही नका, उन्हात किंवा गरम हवेत सुकवूही नका. बाष्प दिसेनासं होतं, पण आतच राहतं आणि पोलादी भागांना दोन-चार दिवसांत गंज धरतो. खारं पाणी असेल तर त्याच दिवशी उघडलं गेलं पाहिजे.

सुरू झाल्यावर वेळ आणि तारीख कशी लावावी

थांबलेलं घड्याळ दिवस दाखवतंय की रात्र, हे डायलवरून कळत नाही. म्हणून क्रम पाळा. आधी चावी भरा. मग चावी पूर्ण बाहेर ओढून काटे पुढे फिरवा, तारीख पडेपर्यंत. पडली, म्हणजे मध्यरात्र झाली. तिथून काटे आणखी पुढे नेऊन सकाळी साडेसहावर आणा. इथे तारखेची नखी दातांपासून नक्की दूर असते. आता चावी मधल्या खाचेत घालून कालची तारीख लावा. मग पुन्हा बाहेर ओढा, काटे पुढे नेऊन मध्यरात्र ओलांडा, आजची तारीख पडेल, आणि तिथून आत्ताच्या वेळेवर या. दुपारनंतरची वेळ असेल तर बाराचा आकडा आणखी एकदा ओलांडावा लागेल, हे विसरलं की तारीख भर दुपारी बदलते.

शेवटची मिनिटं लावताना मिनिट काटा चार-पाच मिनिटं मागे ठेवून हळूहळू पुढे आणा. दातांमधली मोकळी जागा भरून निघते, आणि चावी आत ढकलल्यावर काटा अर्धं मिनिट तसाच उभा राहिल्यासारखं होत नाही. काटे थोडे मागे फिरवणं बहुतेक यंत्रांना चालतं, पण मध्यरात्रीच्या पलीकडे मागे नेऊ नका. क्रोनोग्राफ (घड्याळातलं स्टॉपवॉच) असेल तर वापरून झाल्यावर बंद ठेवा, चालू राहिला तर बॅलन्सचा झोका कमी होतो.

दुरुस्तीला देताना 'कधी कधी बंद पडतं' एवढंच सांगितलं, तर दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर ते आठवडाभर बिनतक्रार चालतं आणि तसंच परत येतं. चिठ्ठीवर हे लिहून द्या: पूर्ण भरायला किती फेरे दिले, टेबलावर किती तास चाललं, थांबण्याच्या तीन वेळा, कोणत्या बाजूवर थांबतं, आपण होऊन सुरू होतं की हिसकी द्यावी लागते, आणि शेवटचं तेल-पाणी कधी झालं.